घरांतून पाहिलेलें रोम

प्रवासाचे कष्ट न सोसतां प्रवासाचें फळ पदरांत पडावें, ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. आपल्याकडे ज्याला काशी-रामेश्वर घडत नाहीं त्याला मानसयात्रेची मुभा आहे. देवघरांतल्या पाटावर बसून डोळे मिटले कीं गंगेचा घाटही समोर उभा राहतो आणि पूजेचे उपचारही मनानेंच अर्पण होतात. हल्लीं यंत्राच्या पडद्यावर बोट फिरवून दूरदेशचीं जुनीं शहरें हिंडून पाहण्याची जी सोय झाली आहे, ती या इच्छेचेंच नवें रूप होय. तिला ‘आभासी सहल’ असें नांव पडलें आहे. नांव नवें आणि यंत्रही नवें. परंतु तिच्यामागची खटपट निदान हजार-बाराशें वर्षांची आहे, आणि ती ज्या एका शहराच्या बाबतींत जवळजवळ अखंड चाललेली दिसते तें शहर म्हणजे रोम.

रोमला न जातां रोम पाहणाऱ्यांचा इतिहास हा केवळ करमणुकीचा विषय नाहीं. घरांत बसून पाहिलेलें शहर खरें कितपत असतें? तें कोण दाखवितो, आणि दाखवितांना काय गाळतो? आणि मूळ वास्तु नाहींशी झाली म्हणजे मागें उरलेल्या चित्राची योग्यता काय? हे प्रश्न रोमच्या इतिहासांत पुनःपुन्हां उभे राहिले आहेत, आणि प्रत्येक वेळीं त्यांचीं उत्तरें थोडथोडीं बदललीं आहेत.

अगदीं आरंभीं जो वाटाड्या भेटतो तो चित्ररूप नाहीं, शब्दरूप आहे. स्वित्झर्लंडमधील आइन्सीडेल्न येथील मठांत ९ व्या शतकांतील एक हस्तलिखित आहे. त्यांत रोमच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत जाण्याचे मार्ग दिले आहेत, आणि त्या मार्गानें जातांना डाव्या हाताला काय लागतें व उजव्या हाताला काय लागतें, याच्या याद्या समोरासमोर मांडल्या आहेत. देवळें, स्नानगृहें, विजयकमानी, जुने नळ अशीं स्थळें ओळीनें येतात. यात्रेकरूला वाट सांपडावी हा हेतु उघड आहे. परंतु आल्प्स पर्वताच्या उत्तरेस, बर्फानें वेढलेल्या मठाच्या ग्रंथशाळेंत ती पोथी उघडून बसलेल्या भिक्षूलाही डावी बाजू, उजवी बाजू वाचीत वाचीत मनानें रोमच्या रस्त्यांतून चालतां येई. आजच्या पडद्यावर डावीउजवीकडे वळविणारे जे बाण असतात त्यांची ही पूर्वपिढीच म्हणावी. याच हस्तलिखितांत रोममधील शिलालेखांच्या नकला उतरून घेतल्या आहेत. त्यांपैकीं कांहीं शिला पुढें नष्ट झाल्या, आणि त्यांवरील अक्षरें आज केवळ या पोथीमुळें ज्ञात आहेत. मूळ गेलें आणि नक्कल राहिली, याचें हें पहिलें उदाहरण.

मानसयात्रेची खरी निकड ज्यांना होती त्या मठवासी स्त्रिया. जर्मनींतील ऑग्सबुर्ग नगरांत सेंट कॅथरिनचा डॉमिनिकन भिक्षुणींचा मठ होता. या भिक्षुणी व्रतानें मठाच्या भिंतींआड राहात. त्यांना रोमची यात्रा घडणें शक्य नव्हतें, आणि रोमच्या सात मुख्य देवळांचें दर्शन घेतल्याखेरीज त्या यात्रेचें पापमोचक पुण्य मिळत नसे. ही अडचण त्यांनीं धर्मपीठापुढें मांडली. आठवा इनोसेंट हा १४८४ पासून १४९२ पर्यंत पोप होता. त्याच्या कारकिर्दींत या भिक्षुणींना अशी सवलत मिळाली कीं, त्यांनीं आपल्या मठांतच ठराविक जागीं ठराविक प्रार्थना कराव्या आणि रोमयात्रेचें पुण्य पदरीं घ्यावें. पुढें १४९९ ते १५०४ च्या सुमारास त्यांनीं आपल्या मठासाठीं सहा मोठीं चित्रें करवून घेतलीं. त्यांत रोमचीं सातही देवळें आलीं आहेत. हीं चित्रें रंगविणाऱ्यांत थोरला हान्स होल्बाइन आणि हान्स बुर्गक्माइर यांच्यासारखे नामांकित चित्रकार होते. चित्रें अद्यापि ऑग्सबुर्ग येथें पाहावयास मिळतात.

त्या चित्रांतील देवळें रोममधील देवळांशीं हुबेहूब जुळतात असें नाहीं. देवळाभोंवतीं संतांच्या आणि ख्रिस्ताच्या कथाच अधिक जागा व्यापून बसल्या आहेत. परंतु त्या स्त्रियांना दगडांची मोजमापें नको होतीं. एका चित्रापुढून दुसऱ्या चित्रापुढें जातांना आपण लाटेरानोहून संत पेत्रुसाकडे चाललों आहों, एवढा भाव जागा होणें पुरेसें होतें. त्याच सुमारास उल्म येथील फेलिक्स फाब्री या डॉमिनिकन भिक्षूनें अशाच मठवासी भगिनींसाठीं १४९२ सालीं मानसयात्रेचें एक पुस्तक लिहिलें. फाब्री स्वतः दोनदां पॅलेस्टाइनला जाऊन आला होता. समुद्रावरील वादळें, आजार, खर्च आणि लुटारू यांचा त्याला चांगला अनुभव होता. तेव्हां प्रत्येक दिवसाचा मुक्काम आंखून देऊन, जेरुसलेम, रोम आणि स्पेनांतील कोम्पोस्तेला या तिन्ही यात्रा खोलींत बसून कशा कराव्या, हें त्यानें सांगितलें. घरबसल्या प्रवासाचा पहिला पद्धतशीर कार्यक्रम असा ज्यांना दार उघडण्याची मुभा नव्हती त्यांच्यासाठीं तयार झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१६ व्या शतकांत भक्तीच्या जोडीला कुतूहल आलें. हॉलंडमधील चित्रकार माअर्तेन व्हान हेमस्केर्क १५३२ सालीं रोमला पोंचला आणि तेथें चार-पांच वर्षें राहून त्यानें शेंकडों रेखाटनें केलीं. त्या वेळीं संत पेत्रुसाचें जुनें देऊळ पाडण्याचें आणि नवें बांधण्याचें काम एकाच वेळीं चाललें होतें. हेमस्केर्कच्या कागदावर जुन्या देवळाचा उरलेला भाग आणि नव्या देवळाच्या प्रचंड अर्ध्या कमानी एकमेकांशेजारीं उभ्या आहेत. तो क्षण पुन्हां कोणालाही दिसावयाचा नव्हता. पालाटाइन टेंकडीच्या पायथ्याशीं सम्राट् सेप्तिमियुस सेव्हेरुस यानें २०३ सालीं उभारलेली ‘सेप्तिझोदियम’ नांवाची खांबांची भव्य दर्शनी भिंत होती. तिचा एक कोपरा हेमस्केर्कच्या काळीं उभा होता. पोप पांचवा सिक्स्तुस यानें १५८८-८९ मध्यें तो पाडून त्याचा दगड आपल्या नव्या बांधकामांना वापरला. हा पोप रोमला नवें वैभव देणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पण नव्या वैभवाचा खर्च जुन्या वैभवाकडून वसूल झाला. आज त्या भिंतीची कल्पना यावी यासाठीं अभ्यासकांना हेमस्केर्क आणि त्याचे समकालीन यांच्या कागदांकडेच धांव घ्यावी लागते.

याच शतकांत रोममध्यें अँतोनिओ लाफ्रेरी हा छापखानदार शहरांतील अवशेषांचीं ताम्रपटांवरून छापलेलीं चित्रें सुटीं विकीत असे. गिऱ्हाइकानें आपल्या आवडीचीं चित्रें निवडावीं, तीं एकत्र बांधून घ्यावीं आणि आपलें स्वतःचें रोम पेटींत घालून गांवीं न्यावें, असा तो व्यवहार होता. ‘रोमच्या वैभवाचा आरसा’ अशा अर्थाचें लॅटिन नांव या संग्रहाला मिळालें. प्रत्येकाचा आरसा वेगळा, कारण निवड ज्याची त्याची. घरांतून पाहिलेलें शहर हें निवडलेलें शहर असतें, हें तत्त्व येथें प्रथम स्पष्ट दिसतें.

१८ व्या शतकांत या कलेला दोन असामान्य कारागीर लाभले. पहिला जांबात्तिस्ता नोल्ली. त्यानें १७३६ मध्यें रोमची मोजणी सुरू केली आणि १७४८ सालीं १२ तक्त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांत घरांचे ठोकळे काळे आहेत, तर रस्ते आणि चौक पांढरे आहेत. विशेष हें कीं, देवळांचे व सार्वजनिक इमारतींचे अंतर्भागही पांढरेच ठेवले आहेत, त्यांतील खांब न् खांब दाखविला आहे. जेथें सामान्य मनुष्याला पाऊल टाकतां येईल तेवढें सगळें उघडें, अशी ही योजना. नकाशावर बोट ठेवून रस्त्यावरून थेट देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जातां येतें.

दुसरा जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी. हा १७२० सालीं व्हेनिसच्या परिसरांत जन्मला आणि १७७८ सालीं रोममध्यें वारला. रोमच्या दृश्यांचे १३५ ताम्रपट त्यानें सुमारें तीस वर्षांत कोरले, आणि त्यांचे छाप युरोपभर श्रीमंतांच्या व मध्यम स्थितींतील विद्वानांच्या घरीं जाऊन पोंचले. नोल्ली मोजून दाखवीत होता, पिरानेसी दिपवून दाखवीत होता. त्याच्या चित्रांत भिंती आकाशाला भिडतात, कमानींवर वेली लोंबतात आणि पायथ्याशीं माणसें किड्यामुंग्यांएवढीं दिसतात. ही माणसें मुद्दामच लहान काढलीं आहेत, म्हणजे दगड मोठे वाटतात.

या दिपण्याचा परिणाम काय झाला याची प्रसिद्ध साक्ष जर्मन कवि गटे यानें दिली आहे. फ्रँकफुर्ट येथील त्याच्या वडिलांच्या घरीं दिवाणखान्याबाहेरील मोकळ्या जागेंत रोमचीं चित्रें टांगलेलीं होतीं. तीं पिरानेसीच्या आधीच्या पिढींतील कारागिरांचीं होतीं. वडील स्वतः इटलीचा प्रवास करून आलेले, त्यामुळें त्या चित्रांवर घरांत बोलणेंही होई. कोलोसियम, संत पेत्रुसाचा चौक, सान्त आंजेलोचा किल्ला हीं स्थळें त्या मुलाच्या रोजच्या पाहण्यांतलीं झालीं. पुढें १७८६ च्या ऑक्टोबरअखेरीस, वयाच्या ३७ व्या वर्षीं, गटे रोमला पोंचला. तेव्हां आपल्याला जेथें तेथें जुने ओळखीचे भेटत आहेत, सगळें कल्पिल्याप्रमाणें आहे आणि तरी सगळें नवें आहे, अशा आशयाचे उद्गार त्यानें काढले. पण याच गटेनें दुसऱ्या ठिकाणीं असेंही नमूद केलें आहे कीं, काराकाल्लाच्या स्नानगृहांचे प्रत्यक्ष अवशेष पिरानेसीच्या चित्रांची संवय झालेल्या डोळ्यांना फारसें समाधान देऊं शकले नाहींत. एकाच मनुष्याचे हे दोन अनुभव आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. घरांतल्या चित्रानें शहराची ओळख करून दिली, आणि घरांतल्या चित्रानेंच शहराला उणेपणाही आणला.

१८ व्या शतकाच्या अखेरीपासून यंत्रें येऊं लागलीं. एडिंबरो येथील रॉबर्ट बार्कर यानें १७८७ मध्यें वर्तुळाकार चित्राचें पेटंट घेतलें. प्रेक्षक मध्यभागीं उभा राही आणि चोहोंबाजूंनीं अखंड चित्र त्याला वेढून घेई. १७९३ मध्यें लंडनांत लीस्टर चौकांत यासाठीं खास इमारत उघडली, आणि पुढें रोमचेंही असें दर्शन लंडनकरांना एखाद्या शिलिंगांत मिळूं लागलें. त्यानंतर चार्ल्स व्हीटस्टन यानें १८३८ सालीं द्विनेत्री दर्शकाचें तत्त्व प्रसिद्ध केलें. दोन डोळ्यांना दोन किंचित् भिन्न चित्रें दाखविलीं म्हणजे मेंदु त्यांतून खोली निर्माण करतो, हें तें तत्त्व. फोटोग्राफीची जोड मिळतांच या ‘स्टेरिओस्कोप’ची घरोघर चलती झाली. अंडरवुड या अमेरिकन कंपनीनें तर २० व्या शतकाच्या आरंभीं रोमच्या फोटोंची पेटी, सोबत वर्णनाचें पुस्तक आणि नकाशे अशी जोडणी विकावयास काढली. नकाशावर तांबड्या रेघांनीं दाखविलेलें असे कीं, अमुक फोटो पाहतांना आपण अमुक ठिकाणीं उभे आहों आणि आपल्या दृष्टीच्या टप्प्यांत एवढा भाग येतो. वाचकानें फोटो लावावा, नकाशा पाहावा, पुस्तक वाचावें आणि खुर्चींतून न उठतां पुढच्या चौकांत जावें. ९ व्या शतकांतील पोथीच्या डाव्या-उजव्या याद्यांना आतां खोली आली होती.

हातांत धरून पाहण्याचा सुटसुटीत स्टेरिओस्कोप तयार करणारा ऑलिव्हर वेंडेल होम्स हा अमेरिकन वैद्य आणि साहित्यिक होता. त्यानें १८५९ मध्यें एका निबंधांत एक चमत्कारिक विधान केलें. वस्तूचें रूप आतां वस्तूपासून वेगळें झालें आहे. पाहण्यासारख्या वस्तूच्या निरनिराळ्या बाजूंनीं घेतलेल्या चार कांचा हातीं आल्या म्हणजे मूळ वस्तु हवी तर पाडून टाका, हवी तर जाळून टाका, असा त्याचा आशय होता. उदाहरणादाखल त्यानें कोलोसियमचाच उल्लेख केला आहे. होम्सनें हें अर्धवट विनोदानें लिहिलें. परंतु सुमारें पाऊणशें वर्षांनीं, कोलोसियमच्या अगदीं पायथ्याशीं, हा विनोद खरा करण्यांत आला.

ती हकीकत समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १८७० च्या सप्टेंबरांत इटलीच्या राजाच्या सैन्यानें रोम घेतलें आणि पुढील वर्षीं तें राजधानी झालें. राजधानीला रुंद रस्ते हवे होते, कचेऱ्या हव्या होत्या. १८७० च्या डिसेंबरांत टायबर नदीला मोठा पूर आला, म्हणून तिच्या दोन्ही कांठांना उंच तटबंदी बांधावयाचें ठरलें. नदीकांठचीं घरें, घाट, धक्के, सज्जे एकामागून एक नाहींसे होऊं लागले. तेव्हां एत्तोरे रोएस्लर फ्रांझ या रोमन चित्रकारानें १८७८ ते १८९६ या काळांत १२० जलरंगी चित्रें काढलीं. तीं ‘लुप्त रोम’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. त्यांत सम्राट् नाहींत, विजयकमानींचा थाट नाहीं. गल्लींत वाळत घातलेले कपडे आहेत, मासे विकणाऱ्या बायका आहेत, नदीवर बांधलेल्या नावा आहेत. पिरानेसीनें ज्यांना मुंग्यांएवढें केलें होतें तीं माणसें येथें पुन्हां माणसांएवढीं झालीं.

यानंतर मुसोलिनीचा काळ आला. त्याला प्राचीन साम्राज्याचें रोम हवें होतें, आणि मधल्या दीड हजार वर्षांचें रोम त्याच्या वाटेंत येत होतें. कोलोसियमपासून व्हेनेझिया चौकापर्यंत सरळ राजमार्ग काढण्यासाठीं मधली दाट वस्ती भुईसपाट करण्यांत आली, वेलिया नांवाची टेंकडी कापण्यांत आली, आणि १९३२ च्या २८ ऑक्टोबरला नव्या मार्गाचें उद्घाटन झालें. तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हजारों माणसांना शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत हलविण्यांत आलें. लष्करी मिरवणुकीला जागा झाली, शेजार मोडला.

या मोहिमेंतच कोलोसियमशेजारच्या ‘मेता सुदान्स’चा बळी पडला. ‘घाम गाळणारा शंकु’ असा या लॅटिन नांवाचा अर्थ. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेलें हें शंकूच्या आकाराचें कारंजें होतें. त्याच्या अंगावरून पाणी पाझरत असे म्हणून तें नांव. पाणी केव्हांच आटलें होतें आणि संगमरवर निघून गेला होता, तरी विटा-चुन्याचा गाभा अठराशें वर्षें उभा होता. कोलोसियम आणि कॉन्स्टंटाइनची कमान यांच्या जुन्या चित्रांत व फोटोंत तो हमखास दिसतो. १९३६ मध्यें तो रहदारीच्या आड येतो म्हणून पाडण्यांत आला. पुढें उत्खननांत त्याचा पाया उघडा करण्यांत आला, पण शंकु गेला तो गेलाच. आज तो पाहावयाचा असेल तर जुन्या छापांतच पाहावा लागतो. होम्सच्या चार कांचा जागच्या जागीं होत्या आणि मूळ वस्तु पाडली गेली होती. त्या कांचांनीं शंकूची आठवण राखली, पण त्याला वांचविलें नाहीं.

त्याच राजवटींत, १९३७ सालीं, ऑगस्टसच्या जन्माच्या दोन हजाराव्या वर्षाचें प्रदर्शन भरलें, आणि त्यांत इतालो जिस्मोंदी या वास्तुतज्ज्ञानें तयार केलेली प्राचीन रोमची प्रतिकृति मांडण्यांत आली. तिचें प्रमाण १ : २५० होतें. ती सम्राट् कॉन्स्टंटाइनच्या काळचें, म्हणजे ४ थ्या शतकाच्या आरंभीचें रोम दाखविते. जिस्मोंदी पुढें कित्येक वर्षें तींत भर घालीत राहिला. त्याच्या कामाचा मुख्य आधार म्हणजे रोदोल्फो लांचानी यानें १८९३ ते १९०१ या काळांत ४६ तक्त्यांत प्रसिद्ध केलेला पुरातन रोमचा नकाशा. आणि लांचानीच्याही मागें एक फार जुना नकाशा उभा होता. २०३ ते २११ च्या दरम्यान रोमन सरकारनें शहराचा संपूर्ण नकाशा संगमरवराच्या १५० फरशांवर कोरून शांतिमंदिराच्या परिसरांतील एका भिंतीवर बसविला होता. तो सुमारें १८ मीटर रुंद आणि १३ मीटर उंच होता. मध्ययुगांत तो फुटला, आणि १५६२ पासून त्याचे तुकडे सांपडूं लागले. सुमारें एक दशांश भाग हातीं आला आहे. २०२४ च्या जानेवारींत रोममध्यें त्यासाठीं स्वतंत्र संग्रहालय उघडलें. तेथें ते तुकडे कांचेच्या जमिनीखालीं नोल्लीच्या नकाशावर आपापल्या जागीं मांडले आहेत, आणि प्रेक्षक त्यांवरून चालतात.

यंत्रगणकांच्या युगांत हेच धागे पुढें गेले. अमेरिकन पंडित बर्नार्ड फ्रिशर याच्या नेतृत्वाखालीं १९९० च्या दशकांत लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत प्राचीन रोमची संगणकीय प्रतिकृति करण्याचें काम सुरू झालें. पुढें व्हर्जिनिया विद्यापीठ आणि मिलान येथील तंत्रविद्यापीठ त्यांत सामील झालें. ‘पुनर्जात रोम’ अशा अर्थाच्या नांवाची ही प्रतिकृति २००७ च्या ११ जूनला रोममध्यें प्रकट करण्यांत आली. तींत इ. स. ३२० चें शहर असून सुमारें ७००० इमारती आहेत. पाहणारा रस्त्यानें चालूं शकतो, छपरांवरून उडूं शकतो, दाराच्या आंत शिरूं शकतो.

या सात हजारांपैकीं ज्यांच्याविषयीं भरपूर पुरावा आहे अशा इमारती फार थोड्या आहेत. बाकीचीं हजारों घरें, वखारी आणि चाळी कोठून आल्या? त्यांतील पुष्कळशा जिस्मोंदीच्या प्रतिकृतीचें किरणांनीं मोजमाप घेऊन उतरविण्यांत आल्या. म्हणजे २१ व्या शतकांतील पडद्यावर दिसणाऱ्या अनेक छपरांच्या मागें १९३७ चें प्लास्टर आहे, प्लास्टरच्या मागें लांचानीचा कागद आहे, आणि कागदाच्या मागें फुटका संगमरवर आहे. करणाऱ्या पंडितांनीं निश्चित इमारती आणि अनुमानाच्या इमारती यांचे वर्ग वेगवेगळे केले, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. परंतु पडद्यावर दोन्ही सारख्याच उन्हांत झळकतात. पोथीच्या समासांत शंका लिहितां येते, नकाशावर तुटक रेघ काढतां येते. पण पडद्यावर भिंत उभी केली कीं ती उभीच असते. डोळ्याला ‘कदाचित्’ दाखविणें ही या कलेपुढची सर्वांत कठीण अडचण आहे.

दुसरी अडचण गाळलेल्या गोष्टींची. स्वच्छ, संगमरवरी आणि बहुधा निर्मनुष्य असें हें रोम असतें. खरें रोम तेलाच्या दिव्यांच्या धुरानें कोंदलेलें, गुलामांच्या श्रमांवर चाललेलें आणि दूरदूरच्या देशांशीं व्यापारानें बांधलेलें होतें. सम्राट् डोमिशियननें मुख्य चौकाजवळ मिऱ्यांची वखार बांधली होती. तिच्याच जागेवर पुढें माक्सेंशियसचें विशाल सभागृह उभें राहिलें. त्या वखारींत सांठणारी मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जात. त्याच समुद्रमार्गांनीं भूमध्यसमुद्राकडील माल आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येई. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरींत सांपडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ति ही त्या येण्याजाण्याची खूण आहे. पडद्यावरील रोममध्यें सभागृहाचे घुमट दिसतात, मिऱ्यांचा वास येत नाहीं, आणि तीं पोतीं वाहणारा हमालही दिसत नाहीं. ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो कल्पनेनें तेथें उभा करतां येतो.

तरीही या सोयीला केवळ खेळणें म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. २०२० च्या मार्चांत साथीमुळें इटलींतील संग्रहालयें बंद झालीं, रस्ते ओस पडले, आणि घरांत अडकलेल्या असंख्य लोकांना पडद्यावरील दालनांचाच आधार उरला. त्या वेळीं ऑग्सबुर्गच्या भिक्षुणींची स्थिति साऱ्या जगाच्या वांट्याला आली होती. आणि साथ नसतांनाही आजारी, वृद्ध, पंगु आणि द्रव्यहीन अशा बहुसंख्य माणसांना रोमचें दार बंदच असतें. त्यांच्यासाठीं चित्राला पर्याय नाहीं. पांचशें वर्षांपूर्वीं धर्मपीठानेंही हा हक्क मान्य केला होता.

आइन्सीडेल्नची पोथी, हेमस्केर्कचीं रेखाटनें, मेता सुदान्सचे फोटो आणि फ्रांझचे जलरंग यांचा एकत्र विचार केला तर एक गोष्ट स्पष्ट होते. घरांतून शहर पाहावयास मिळावें म्हणून केलेलीं हीं साधनें वेळोवेळीं शहराचीं साक्षीदार ठरलीं. साक्षीदाराचें महत्त्व मोठें खरें, पण साक्षीदार हा वारस नव्हे. चित्र जपलें म्हणून वास्तु पाडण्याचा परवाना मिळत नाहीं. जी शहरें अद्याप पायांखालीं आहेत त्यांचे वाडे, वेशी, घाट आणि पेठा यांचीं उत्तम चित्रें घ्यावीं, तीं घरोघर पोंचवावीं, आणि तीं पाहून ज्यांना चालतां येतें त्यांनीं घराबाहेर पडून मूळ जागेवर जावें. तेथें गेल्यावर गटेप्रमाणें थोडी निराशा होईल, आणि सगळें ओळखीचें असून नवेंही वाटेल. तें नवें वाटणें कोणत्याही पडद्यावर उतरत नाहीं, आणि तें वाटावयाचें असेल तर मूळ दगड जागेवर राहिला पाहिजे.